गौरव्वाच्या छातीवरची खूण

अस्वल काढण्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ते काळं असतं. फोटोत ते खडकाच्या मधोमध पडलेल्या भगदाडासारखं दिसतं. पोट कुठे संपतं, मांडी कुठे सुरू होते, काही म्हणजे काही कळत नाही. हुलिगेम्माला हे कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी समजलं. मग ती एकाच अस्वलाचे पंधरा-वीस फोटो टेबलावर मांडायला लागली. एकात खांद्याचा उंचवटा मिळायचा, दुसऱ्यात नखं, तिसऱ्यात नेमकी उन्हाची तिरीप पडून कानाची कड. अशा चिंध्या जोडून तिच्या कागदावर एक अख्खं अस्वल उभं राहायचं, आणि कॅमेऱ्याला कधीच एकदम न दिसलेलं ते जनावर आपल्याला दिसलं याचा तिला आनंद व्हायचा.

हिरेबंडे गावाच्या मागे, धोंड्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं अभ्यास केंद्र होतं. म्हैसूरच्या नेत्रावती मॅडम सहा वर्षं तिथे राहून अस्वलं मोजत होत्या. अस्वल ओळखायचं छातीवरून. काळ्या केसांत मळकट पांढरा पट्टा असतो, नांगराच्या फाळासारखा किंवा फुटक्या बांगडीसारखा. दोन अस्वलांचा सारखा नसतो. तेवीस अस्वलांचे तेवीस तक्ते हुलिगेम्माने काढले होते: समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि खाली छातीची खूण मोठी करून. रानात फिरणाऱ्या वॉचरांच्या खिशातल्या वह्यांतही त्याच खुणा होत्या.

तिचे वडील होन्नूरप्पा अधूनमधून केंद्रात यायचे. चाळीस वर्षं त्यांनी गंगावतीच्या बाजारातल्या पाट्या रंगवल्या होत्या. छापील फ्लेक्स आले तसे ते घरी बसले, पण डोळा बसला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी लेकीचे तक्ते पाहिले तेव्हा बराच वेळ हनुवटी खाजवली.

"हुलिगी, ह्यांना दुसरा काही धंदा नाही का गं? सगळीच्या सगळी पंगतीला बसल्यासारखी."

"अप्पा, फोटोच तसे आहेत. मौलासाब दुपारी खडकावर गुळाचं पाणी फासतो. ती चाटायला येतात. तेवढ्यात मचाणावरचे लोक फोटो काढतात."

"म्हणजे माझा फोटो कुणी लग्नातच काढला, तर मी आयुष्यभर बुंदी खात बसलेला दिसणार."

मौलासाब हा पन्नाशीचा वॉचर दारात बिडी विझवत होता. तो म्हणाला, "दिसाल तसेच आहात, होन्नूरप्पा."

हुलिगेम्माला मात्र बापाचं म्हणणं लागलं. तेव्हापासून ती मचाणावरचे देखणे फोटो बाजूला ठेवून रानातल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांचे धुरकट फोटो जास्त वापरायला लागली. त्यात अस्वलं आपापल्या कामात असायची. वारूळ उकरणारी, पाठ झाडाला घासणारी. अकरा नंबरची मादी तिला तिथेच नीट भेटली. पाठीवर दोन पिल्लं, एक पुढे तोंड करून बसलेलं, एक मागे, आणि ही बाई ओझ्याची पर्वा न करता बोरी हलवते आहे. हुलिगेम्माने मनातल्या मनात तिला गौरव्वा म्हणायला सुरुवात केली. नंतर ते तोंडातून निसटलं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नंबर आहे ना तिला? मग नंबरच. नाव ठेवलं की माणूस त्या जनावरासाठी खोटं बोलायला लागतो. स्वतःलाही कळत नाही."

हुलिगेम्माने मान डोलावली आणि आपण चार नंबरच्या म्हाताऱ्या नराला अज्जय्या, म्हणजे आजोबा, म्हणतो हे सांगितलंच नाही.

माघ संपताना, एका शुक्रवारी पहाटे, ईरण्णा आपल्या भुईमुगाच्या शेतावर गेला होता. अस्वल शेंगा उकरत होतं. दोघांनी एकमेकांना एकदमच पाहिलं. ईरण्णाच्या डाव्या हाताची सालपटं निघाली, डोक्याला चौदा टाके पडले. जीव वाचला. पण गाव खवळलं. शेजाऱ्याच्या कुंपणाला मॅडमनीच लावलेला एक कॅमेरा होता, आणि त्यात त्या पहाटेचा एकच फोटो सापडला. दोन पायांवर उभं राहिलेलं अस्वल, इतकं जवळ की मुंडकं चौकटीबाहेर गेलं होतं. छाती तेवढी स्वच्छ. पट्ट्याच्या दोन फांद्या, पाहणाऱ्याच्या उजव्या हाताची लांब, आणि तिच्या टोकाला कोयत्यासारखा बाक.

रेंजर शिवलिंगय्या फोटो घेऊन केंद्रात आले. भिंतीवरच्या तक्त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि बोट अकरा नंबरवर थांबलं. लांब फांदी उजवीकडे, टोकाला बाक. मौलासाबने आपल्या खिशातली वही काढून पाहिली. तिथेही तेच.

"पिल्लंवाली आहे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"म्हणूनच अंगावर आली असणार," रेंजर म्हणाले. "मॅडम, मला काही हौस नाही. पण गावाने रस्ता अडवलाय. सोमवारी पिंजरा येतोय. तिला धरून दूरच्या संगोपन केंद्रात पाठवायचं. पिल्लं सापडली तर तीही." त्यांनी हुलिगेम्माकडे पाहिलं. "पिंजऱ्याबरोबर येणाऱ्यांना ती ओळखता यायला हवी. तिचा एक मोठा, चांगला तक्ता काढ. भलतीच धरली जायला नको."

सापडली तर. हे दोन शब्द हुलिगेम्माच्या कानात दिवसभर राहिले. सहा महिन्यांची पिल्लं आईच्या पाठीवरून उतरून कुठल्यातरी कपारीत बसतील, आणि रेंजर साहेबांची माणसं हाका मारत फिरतील. अस्वलाची पिल्लं हाकेला ओ देत नाहीत.

शनिवारी सकाळी तिने अकरा नंबरचे सगळे फोटो काढून मांडले. हात चालत नव्हता. कधी नव्हे ते तिने छातीपासून सुरुवात केली, कारण चेहरा काढायचं धाडस होईना. फोटो समोर ठेवून तिने एक रेघ ओढली, आणि थांबली.

फोटोत लांब फांदी डावीकडे होती.

तिने दुसरा फोटो घेतला. डावीकडे. तिसरा. पाठीवर पिल्लं, समोर छाती, लांब फांदी डावीकडे. तिने भिंतीवरचा तक्ता पाहिला. उजवीकडे. तिने परत फोटो पाहिले, सगळे सतरा. मग ती उठून पाणी प्यायली, आणि आल्यावर पुन्हा पाहिले. पाणी पिऊन काही बदललं नव्हतं.

फोटोच उलटे छापले गेले असतील का? पण प्रत्येक फोटोच्या खाली तारीख आणि वेळ होती, आणि आकडे सरळ होते. फोटो सुलटे होते. तक्ता उलटा होता. गेले चार महिने तो भिंतीवर उलटा टांगलेला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण गौरव्वाला ओळखायला कुणाला खूण लागलीच नव्हती. पाठीवर दोन पिल्लं घेऊन फिरणारी दुसरी होतीच कोण?

ती तक्ते गुंडाळून घरी गेली. होन्नूरप्पा ओसरीवर भिजवलेल्या चुरमुऱ्यांची उग्गाणी खात होते, बरोबर एक मिरची भजी. तिने काही न बोलता तक्ता आणि फोटो त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी भजी ताटलीत ठेवली, बोटं पुसली.

"भोकांचा कागद आण."

खुणेच्या बऱ्याच प्रती लागायच्या, म्हणून तिने बापाचीच रीत वापरली होती. पातळ कागदावर आकृती काढायची, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, मग तो कागद हव्या त्या ठिकाणी ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. खाली ठिपक्यांची आकृती उमटते. बाजारातली सगळी अक्षरं होन्नूरप्पांनी अशीच भिंतीवर चढवली होती. त्यांनी अकरा नंबरचा कागद उजेडात धरला, डोळे मिटले, आणि दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला.

"मागची बाजू घासलीस."

"भोकांची टोकं खरखरीत राहतात, पूड नीट उतरत नाही. तुम्हीच शिकवलंत, बारीक पॉलिश कागदाने घासायचं."

"शिकवलं. पण घासलं की पुढची बाजू कुठली, मागची कुठली, हे बोटाला कळत नाही. म्हणून कोपऱ्यात फुली मारायची. मारलीस?"

फुली नव्हती.

"अक्षर असतं तर पालथं पडताक्षणी दिसलं असतं," होन्नूरप्पा म्हणाले. "रस्त्यावरचं पोरसुद्धा ओरडलं असतं, होन्नूरप्पा, दारू चढली काय. अस्वल पालथं पडलं तर सांगणार कोण?" त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "चूक माझी आहे, असं सांग मॅडमना. म्हाताऱ्याने थापटलं म्हणावं. मला कोण नोकरीवरून काढणार?"

"अप्पा, गप्प बसा हो."

"मग बाकीचे बावीस कोण तपासणार? का त्यांनाही उद्या माणसं पिंजऱ्यात घालू दे?"

ओसरीवर बापलेक संध्याकाळपर्यंत बसली. ती फोटो वाचायची, अप्पा तक्ता. "डावी आखूड, मधे तुटक." "आहे." "उजवी दुभंगलेली." "आहे." आई दोनदा चहा ठेवून गेली, आणि दोन्ही वेळा कप मांजराने चाटले. बावीसांतले एकवीस सुलटे निघाले. चार नंबरच्या अज्जय्याचं तपासताच येईना. त्याचे सगळे फोटो खडकावरचे, मान खाली घालून चाटतानाचे. त्याची छाती कधी कुणाला दिसलीच नव्हती. तक्त्यावर हुलिगेम्माने ती जागा कोरी सोडून खाली "पाहिलेली नाही" असं लिहिलं होतं.

रविवारी सकाळी तिने मॅडमसमोर सगळं मांडलं. बापाने सांगितलेलं खोटं तिने सांगितलं नाही. मॅडमनी तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

"ही तुझी लाडकी आहे," त्या म्हणाल्या. "हे मला नंबर तेराबद्दल येऊन सांगितलं असतंस का?"

"नंबर तेराबद्दल मला कळलंच नसतं. त्याचे फोटो मी परत काढून बसले नसते." हुलिगेम्माने फोटो पुढे सरकवले. "पण मॅडम, खालचे आकडे बघा. ते माझे लाडके नाहीत."

मॅडमनी चष्मा वर केला आणि फोटो नाकाला लावून पाहिले. एक एक करून सतरा. मग त्यांनी रेंजर साहेबांना फोन लावला. पलीकडून आलेलं हुलिगेम्मालाही ऐकू आलं: "मॅडम, परवा ती होती, आज ती नाही म्हणता? गावात सांगू काय? चित्र उलटं लागलं होतं? हसतील लोक, आणि मग दगड मारतील. बरं, ती नाही, तर कोण? कोण ते सांगा, पिंजरा त्याच्यासाठी लावतो. नाहीतर पिंजरा दिसेल त्याला धरणार."

मॅडमनी फोन ठेवला. त्यांच्याकडे मुंडकं नसलेल्या छातीचा एक फोटो होता आणि तसली छाती, जिची खूण माहीत होती अशा बावीसांपैकी कुणाचीच नव्हती.

"मुंडकं एकाच माणसाने पाहिलंय," हुलिगेम्मा म्हणाली, आणि कोरे कागद काखेला मारून निघाली.

ईरण्णाला त्याच सकाळी दवाखान्यातून घरी आणलं होतं. दारातच त्याची बायको दुर्गम्मा सूप घेऊन पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं.

"या, या. अस्वलाच्या माहेरचं माणूस आलं! बघायला आलीस का, तुझ्या सोयऱ्यांनी काय केलंय ते?"

"अक्का, ईरण्णांना एक विचारायचंय."

"पिंजरा उद्या येतोय. तो रद्द करा म्हणून विचारायचंय का? सगळं गाव म्हणतंय, तुझी मॅडम त्या पिल्लंवालीसाठी रडत होती."

आतून ईरण्णाचा आवाज आला. "कोण पिल्लंवाली?"

हुलिगेम्मा आत गेली. डोक्याला मुंडासं असावं तसं बँडेज बांधून तो भिंतीला टेकून बसला होता. "पिल्लंबिल्लं नव्हती," तो म्हणाला. "एकटं होतं. म्हातारं."

"म्हातारं कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तोंडाला तोंड लागलं होतं आमचं! असं चावलं असतं तर हात राहिला असता का? दाबलं नुसतं. दात कुठे होते मेल्याला. नखांनी केलं सगळं."

"हे तू रेंजरला सांगितलं नाहीस?" दुर्गम्माने दारातून विचारलं.

"मला विचारलंय कोणी? माझे टाके मोजले सगळ्यांनी."

हुलिगेम्माने मांडीवर कागद ठेवला. आजवर तिने फोटोशिवाय एकही अस्वल काढलं नव्हतं. "तोंड कसं होतं?"

"पांढरं. म्हणजे नाक सगळ्यांचंच असतं तसलं पांढरं, पण हे इथपर्यंत." त्याने चांगल्या हाताने स्वतःच्या भुवया दाखवल्या.

ती काढत गेली. तो सांगत गेला. "एवढं जाड नाही गं, ते गाल आत गेलेले. माझ्या सासऱ्यासारखे." "माझ्या बापाला मधे आणू नका," दुर्गम्मा म्हणाली, पण सूप घेऊन जवळ सरकली. "कान?" "एक होता. दुसऱ्याचा नुसता बुंधा." "कुठला?" ईरण्णाने डोळे मिटून, डोकं मागे घेऊन, ती पहाट परत समोर उभी केली असावी, कारण त्याच्या हातावरचे केस ताठ झालेले तिने पाहिले. "माझ्या ह्या बाजूला. म्हणजे त्याचा डावा."

तिची पेन्सिल आपोआप चालायला लागली. डाव्या कानाचा बुंधा, भुवयांपर्यंत चढलेलं पांढरं, खप्पड गाल. खडकावर मान घालून चाटताना किती वेळा पाहिलं होतं तिने हे डोकं, वरून, मागून, तिरकं. पुढून पाहायची ही पहिलीच वेळ. कागदावर अज्जय्या वर मान करून तिच्याकडे बघत होता.

"हाच," ईरण्णा म्हणाला. मग जरा वेळाने, "घाबरला होता तोही. तसं काढ."

तिने डोळे थोडे मोठे केले.

ती घरी गेली नाही. ईरण्णाच्या गोठ्याजवळ धोंड्यावर बराच वेळ बसून राहिली. एकीला वाचवायचं म्हणजे दुसऱ्याचं नाव सांगायचं, हे निघताना तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. हा कागद फाडला तर कोण हे कुणालाच कळणार नाही, आणि मग पिंजरा दिसेल त्याला धरेल. शेवटी ती उठली. घराची दिशा न धरता केंद्राची धरली.

मॅडमनी तो कागद चार नंबरच्या तक्त्याशेजारी ठेवला. कान जुळला. चेहरा जुळला. कोऱ्या जागी काय काढायचं ते कुंपणावरच्या फोटोत होतंच.

"तुझा हाही लाडका होता का?" मॅडमनी विचारलं.

"अज्जय्या म्हणते मी त्याला."

मॅडमनी कागद परत उचलून ते तोंड पाहिलं. म्हणाल्या, "दात गेले असतील तर वारूळ फोडून काय खाणार? शेंगा मऊ असतात. रानात त्याचं फार दिवस निभलं नसतं." हे त्या तिला सांगत होत्या की स्वतःला, ते कळलं नाही.

पिंजरा सोमवारी आला आणि ईरण्णाच्या शेताच्या बांधावर बसला. आत ठेवलेल्या फणसाच्या गऱ्यांचा वास मंगळवारभर सुटला होता. सोमवारी संध्याकाळी गौरव्वा डोंगराच्या पलीकडच्या बाजूच्या कॅमेऱ्यात दिसली, पाठीवरचं ओझं जागच्या जागी. बुधवारी उजाडता उजाडता मौलासाब धावत आला. "बसलाय. आरडाओरडा नाही, काही नाही. सगळा फणस संपवून बसलाय."

अर्धं गाव जमलं होतं, पण आवाज नव्हता. होन्नूरप्पाही येऊन मागे उभे होते. हुलिगेम्मा गजांपासून दहा हातांवर थांबली. तिच्या हातात वही होती. इतक्या जवळून तिने अस्वल कधी पाहिलं नव्हतं. फोटोत नसतो असा वास होता, ओल्या गोणपाटाचा आणि मातीचा. अज्जय्याने तिच्याकडे पाहिलं, डावा बुंधा हलवला, मग पुढचा पंजा तोंडात घातला आणि चोखायला लागला. त्याबरोबर त्याच्या छातीतून एक आवाज यायला लागला, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यावर येतो तसा, एकसुरी, थांबायचं नाव नाही.

"काय गातोय मेला?" दुर्गम्माने विचारलं. ती ईरण्णाचा चांगला हात धरून उभी होती.

"जीव रमवतोय स्वतःचा," मॅडम म्हणाल्या. "एकटी असली की करतात."

हुलिगेम्माने वही उघडली, आणि पेन्सिल टेकवून तशीच राहिली. पंजा काढता आला असता. तो आवाज कुठे काढायचा?

"तिकडे खायला काय देतात?" दुर्गम्माने रेंजरला दटावून विचारलं, जणू त्यांनी काही द्यायचं चुकवलं होतं.

"नाचणीची गंजी. दात नाहीत ना त्याला."

"ताक घालायला सांगा त्यात. नुसती गंजी ह्यांच्यासुद्धा घशाखाली उतरत नाही."

"ए, माझं काय मधे?" ईरण्णा म्हणाला, आणि हसला, आणि टाके दुखले म्हणून कपाळाला हात लावला.

पिंजरा ट्रकवर चढवला. गावातल्या दोघातिघांनी खांदा दिला, त्यांत परवा रस्ता अडवणारेही होते. तो आवाज चालूच होता. ट्रक बांधावरून उतरताना एकदा जोरात हिंदकळला, आणि आवाज थांबला. सगळे थांबले. मग परत सुरू झाला.

दुर्गम्मा पदर खोचून ट्रकच्या मागे चार पावलं धावली. "ए ड्रायव्हर! खड्डे बघून चालव, म्हातारा आहे तो!"